टोरोंटो : जमिनीखाली गेलेले ओढे, पूल आणि इतर गोष्टी

पिंपळपान

दोन वर्षांपूर्वी आम्ही ट्रिनिटी बेलवुड्स पार्कजवळ एक जुने विटांचे घर घेतले. या घरात एक खोड आहे. स्वयंपाकघराच्या मधोमध गोटी ठेवली, की ती कोणी न ढकलता ईशान्येच्या कोपऱ्याकडे निघते आणि फ्रिजखाली जाऊन थांबते. आतापर्यंत तेथून सात गोट्या, एक लिंबू आणि मुलाच्या रंगपेटीतला जांभळा खडू निघाला आहे. खरेदीपूर्वी घर तपासणाऱ्याने अहवालात ‘जुने खचणे, आता स्थिर’ एवढेच लिहून विषय संपवला होता. शेजारच्या पोर्तुगीज आजींनी मात्र कुंपणापलीकडून हात जमिनीकडे करून सांगितले, ‘खाली नदी आहे.’

आजींचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. सेंट क्लेअर अव्हेन्यूच्या उत्तरेकडून निघणारा गॅरिसन क्रीक नावाचा ओढा ख्रिस्टी पिट्स, बिकफर्ड पार्क, ट्रिनिटी बेलवुड्स असा तिरपा वाहत फोर्ट यॉर्कजवळ ऑन्टारिओ सरोवराला मिळत असे. १७९३ मध्ये इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर सिमको यांनी किल्ल्यासाठी जागा निवडली ती याच ओढ्याच्या मुखाशी, आणि किल्ल्यातल्या शिबंदीवरूनच (इंग्रजीत गॅरिसन) ओढ्याला नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो टप्प्याटप्प्याने विटांच्या भुयारी गटारात घालण्यात आला. त्याची घळ बरीच वर्षे उघडी होती, म्हणून तिच्यावर क्रॉफर्ड स्ट्रीटचा तीन कमानींचा काँक्रीटचा पूलही बांधला गेला. १९६० च्या दशकात ब्लूर मार्गावरच्या भुयारी रेल्वेसाठी खोदलेली माती कोठे टाकायची हा प्रश्न आला, तेव्हा ती या घळीत टाकली गेली. पूल पाडला नाही, तो उभाच्या उभा पुरला. मी रोज सकाळी त्याच्यावरून चालत ट्राम पकडायला जातो आणि दोन वर्षे मला त्याचा पत्ता नव्हता.

पुण्याहून येथे आलो तेव्हा ‘या शहराला इतिहासच नाही’ असे मी चारचौघांत मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत असे. ते विधान मागे घेण्यासाठी हा धागा काढतो आहे. रस्त्याचे अवघड वळण, मध्येच खोल गेलेले मैदान, कलंडलेली घरे अशा खुणांमागची टोरोंटोची गोष्ट आपल्याला माहीत असल्यास कृपया लिहावी. शिवाय माझा एक व्यावहारिक प्रश्न आहे : आपले घर नेमके ओढ्यावर आहे की नाही, हे कसे शोधावे?

अवखळ

सर्वप्रथम फ्रिज हलवावा, म्हणजे आणखी पुरावे मिळतील.

गवंडी

मी मलनिस्सारणाच्या कामात बावीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. त्या भागात घरे कलतात याचे कारण बहुधा वाहते पाणी नसून भराव असतो. जुन्या काळी घळी भरताना राख, फुटक्या विटा, लाकूड, घरातला केर, जे हाताशी असेल ते टाकले जाई. त्यातले लाकूड आणि केर वर्षानुवर्षे कुजत राहतात आणि तेवढी जमीन बसते. घराचा एक कोपरा घळीच्या मूळ घट्ट काठावर आणि दुसरा भरावावर असला, की गोटी भरावाच्या दिशेने जाणार. शॉ स्ट्रीट आणि क्रॉफर्ड स्ट्रीटवर एकमेकांकडे झुकलेली जोडघरे दिसतात, ती याच कारणाने.

ओढे बुजवले म्हणून हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८३२ आणि १८३४ साली या गावात पटकीची साथ आली होती. पुढे वस्ती वाढली तशी कत्तलखान्यांची, दारूच्या भट्ट्यांची आणि घराघरांतली घाण याच ओढ्यांत येऊ लागली. तुमच्या अंगणामागून तो ओढा वाहत असता, तर तो झाका म्हणून तुम्हीच नगरपालिकेकडे अर्ज केला असता.

जुनी_पेठ

गवंडी यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु युक्तिवाद अर्धाच झाला. घाण ओढ्याने निर्माण केली नव्हती. टॅडल क्रीकचे उदाहरण घ्या. विद्यापीठाच्या आवारात या ओढ्यावर बांध घालून सुंदर तळे केले होते. वरच्या अंगाला वस्ती वाढली, तिचे मैलापाणी ओढ्यात आले, तळ्याला दुर्गंधी सुटली, आणि १८८० च्या दशकात ओढा, तळे सगळेच जमिनीखाली गेले. आज रॉयल ऑन्टारिओ म्युझियमला लागून ‘फिलॉसफर्स वॉक’ ही वळणावळणाची पायवाट जाते, ती त्या ओढ्याच्या पात्राची आहे. तत्त्वचिंतकांनी वळणे घेतली नाहीत, पाण्याने घेतली.

आता झाकल्याने रोग गेले का, ते पाहू. गटारांचे पाणी शेवटी सरोवराच्याच उपसागरात जात होते आणि शहराचे पिण्याचे पाणी त्याच सरोवरातून येत होते. विषमज्वर शहराला विसावे शतक उजाडल्यावरही छळत होता. तो आटोक्यात आला १९१० नंतर, पाण्यात क्लोरीन घालणे, गाळण यंत्रणा आणि सांडपाण्यावर प्रक्रिया या उपायांनी. त्या वर्षी आरोग्याधिकारी झालेल्या डॉ. चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी पाण्याइतकाच दुधाच्या शुद्धतेचाही आग्रह धरला. म्हणजे ओढे पुरून मिळाले काय, तर वास दिसेनासा झाला आणि वर विकायला भूखंड आले.

गवंडी

वास ‘दिसेनासा’ होत नाही, ‘येईनासा’ होतो. बाकी मुद्दा मान्य आहे. फक्त एवढेच जोडतो, की १८८० मध्ये नगरपालिकेच्या हाती क्लोरीन नव्हते, विटा होत्या. जुन्या टोरोंटोत पावसाचे पाणी आणि मैलापाणी आजही अनेक ठिकाणी एकाच वाहिनीतून जाते आणि मोठ्या पावसात ती भरून वाहिली की जास्तीचे पाणी थेट सरोवरात सोडावे लागते. जोरदार पावसानंतर पोहायला जाऊ नका असे सांगतात ते उगीच नाही.

अवखळ

गंभीर चर्चेत थोडी सर्कस आणतो, आणि हे शब्दशः घ्यावे. जुलै १८५५ मध्ये टोरोंटोत अमेरिकेहून सर्कस आली होती. खेळ संपल्यावर विदूषक मंडळी एका कुंटणखान्यात गेली. तेथे अग्निशामक दलाचे काही स्थानिक वीर आधीच हजर होते. बाचाबाची झाली आणि विदूषकांनी बंबवाल्यांना चांगलेच बडवले. (दिवसभर तंबूचे खुंट ठोकणाऱ्या लोकांशी मारामारी करू नये, एवढा धडा घेण्यासारखा आहे.) दुसऱ्या दिवशी बंबवाले जमाव घेऊन सर्कशीवर चालून गेले, त्यांनी तंबू पाडले, गाड्या उलटवल्या, आणि शेवटी सैन्य बोलावावे लागले.

खरी मजा पुढेच आहे. पोलीस त्या ठिकाणी उपस्थित होते, पण साक्षीच्या वेळी त्यांना एकही चेहरा आठवेना, कारण बंबवाले आणि पोलीस दोघेही ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट बंधुसंघटनेच्या गोतावळ्यातले होते. अशा प्रकारांवरून इतका गदारोळ झाला, की १८५९ मध्ये जुने पोलीस दल बरखास्त करून नवे उभारण्यात आले. एका शहराची पोलीस सुधारणा विदूषकांमुळे झाली, हे मला फार समाधानाचे वाटते.

सांजवात

अवखळ, गोष्ट छान आहे, पण ओढा कोठे आहे?

अवखळ

सर्कस उतरली होती ते मैदान तेव्हा सरोवराच्या काठावर होते. आज तेथे उभे राहिल्यास पाणी दिसत नाही. आले की नाही विषयात?

मृगजळ

खरोखरच आले. फ्रंट स्ट्रीट हे नाव का पडले याचा विचार आपण करत नाही. तो शहराचा दर्शनी रस्ता होता आणि त्याच्या दक्षिणेला पाणी होते. १८५० च्या दशकात रेल्वे आल्यावर भराव सुरू झाला आणि तो पुढे शंभर वर्षे चालू राहिला. युनियन स्टेशनच्या दक्षिणेला आपण जे काही पाहतो, त्यात बॉलपार्क आले, मत्स्यालय आले, बंदरावरच्या काचेच्या इमारती आल्या, ते सगळे पूर्वीच्या पाण्यावर उभे आहे.

माझी आवडती खूण म्हणजे फ्लीट स्ट्रीटवरचे दीपगृह. क्वीन्स वॉर्फ या धक्क्यासाठी १८६१ मध्ये ते बांधले. भरावामुळे सरोवर दूर गेले, दिव्याचे काम उरले नाही, म्हणून १९२९ मध्ये ते मूळ जागेवरून थोडे पश्चिमेला सरकवून ठेवले. आज ते ट्रामच्या वळणाशेजारी उभे आहे. समोरून गाड्या जातात, ट्राम कर्कश आवाज करत वळते आणि हे लहानसे लाकडी दीपगृह एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखे कोणाचेही न ऐकता उभे असते.

वळणाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. गार्डिनर एक्स्प्रेसवेची मूळ आखणी फोर्ट यॉर्कच्या आवारातून जात होती. १८१३ साली अमेरिकन सैन्याने याच किल्ल्यावर हल्ला केला, माघार घेणाऱ्या इंग्रजांनी दारूकोठार उडवून दिले आणि त्यात अमेरिकन सेनानी झेबुलन पाइक मारला गेला. १९५० च्या दशकात इतिहासप्रेमी नागरिकांनी एवढा विरोध केला, की रस्त्यालाच किल्ल्याला वळसा घालावा लागला.

हंबरकर

आमचे घर हंबर नदीपासून चालत सात मिनिटांवर आहे, आणि नदीकाठी घरे का नाहीत हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. मुंबईत वाढलेल्या माणसाला एवढी मोकळी, सपाट, पाण्याकाठची जमीन पाहून बिल्डर झोपले आहेत की काय असेच वाटणार. त्याचे उत्तर १५ ऑक्टोबर १९५४ या तारखेत आहे.

त्या दिवशी हरिकेन हेझल टोरोंटोवर आले. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या शहराला चक्रीवादळाची भीती कोणी मनावर घेतली नव्हती. आधीच्या पावसाने जमीन भिजून गच्च झाली होती, त्यात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि तो सगळा ओढ्यानाल्यांतून हंबर नदीत उतरला. ऑन्टारिओत ८१ माणसे मेली. रेमोर ड्राइव्ह या एकाच गल्लीत सुमारे ३५ जण गेले. ही गल्ली नदीच्या वळणावर, पूरक्षेत्रात होती. असे सांगतात, की जवळचा पादचारी पूल एका टोकाकडून निखळून फिरला आणि त्याने लोंढा थेट घरांकडे वळवला. माणसे छपरांवर चढली, आणि घरेच पायापासून उचलली जाऊन वाहून गेली. दुसरीकडे, अडकलेल्यांना सोडवायला निघालेले स्वयंसेवक अग्निशामक दलाचे पाच जण त्यांच्या बंबासकट वाहून गेले.

यानंतर शहराने जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पूरक्षेत्रात घर बांधू द्यायचे नाही असे ठरले. जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या आणि १९५७ मध्ये पाणलोट क्षेत्राची देखरेख करणारे एकत्रित प्राधिकरण स्थापन झाले. आपण रविवारी सायकली घेऊन ज्या हिरव्या घळींमधून फिरतो, त्यांतल्या कित्येक त्या निर्णयामुळे मोकळ्या राहिल्या. रेमोर ड्राइव्हच्या बुडालेल्या भागात आज रेमोर पार्क आहे. त्या जुन्या पुलाचा काँक्रीटचा ठोकळा नदीकाठी अजून तिरका पडलेला आहे. माझी मुलगी लहानपणी त्याच्यावर बसून सँडविच खात असे. त्या रात्रीची हकीकत मला कळल्यावर मी तिला तेथे बसू नको असे सांगितले नाही, पण मला स्वतःला तेथे बसवत नाही.

रामफळ

हंबरकर यांचा प्रतिसाद उत्तम आहे. तरीही टोरोंटोच्या शहाणपणाचे फार कौतुक करण्याआधी हेही म्हणावेसे वाटते, की ८१ माणसे मेल्यावर सुचलेले शहाणपण ते. आपल्याकडे २०१९ मध्ये पुण्यात आंबील ओढ्याने घरे बुडवली तेव्हा ते तरी सुचले का, हा प्रश्न वेगळा.

आणखी एक. धाग्यात सगळा इतिहास १७९३ पासून सुरू होतो आहे. ‘टोरोंटो’ हा शब्दच मुळात मूळ रहिवाशांच्या मोहॉक भाषेतल्या ‘टकरोंटो’वरून आला असे मानतात आणि त्याचा अर्थ ‘पाण्यात झाडे उभी आहेत ती जागा’. ती जागा येथली नव्हे, उत्तरेला सिमको सरोवराच्या अरुंद खाडीतली. तेथे मूळ रहिवासी पाण्यात खुंट रोवून मासे अडवत असत, आणि ते बांध हजारो वर्षांचे जुने आहेत. तिकडे जाणारी पायवाट हंबर नदीच्या काठाने जात होती, आणि पायवाटेबरोबर नाव खाली सरोवरापर्यंत उतरले. शाळेत मुलांना ‘भेटीची जागा’ असा अर्थ शिकवतात, तो गोड असला तरी भाषेच्या अभ्यासकांना पटत नाही.

ज्या जमिनीवर हे सगळे घडले, ती इंग्रजांनी मिसिसॉगा या मूळ रहिवाशांकडून १७८७ आणि १८०५ च्या व्यवहारांत ‘विकत’ घेतली. १७८७ चा दस्त कोरा निघाला होता, म्हणून दुसऱ्यांदा करार करावा लागला. या व्यवहाराची तडजोड २०१० मध्ये झाली आणि कॅनडा सरकारने सुमारे साडेचौदा कोटी डॉलर दिले. पुरलेल्या गोष्टींच्या यादीत हा दस्तही असू द्यावा.

पिंपळपान

रामफळ, आभार. ही माहिती मूळ लेखात असायला हवी होती, हे कबूल करतो.

टांगेवाला

माझे नाव पाहून तरी मला ही गोष्ट सांगू द्यावी. १९८५ मध्ये शहराच्या पूर्व भागात एका जुन्या शाळेच्या मैदानात पुरातत्त्वीय उत्खनन झाले आणि एका छोट्या घराचा पाया सापडला. ते घर थॉर्नटन आणि लूसी ब्लॅकबर्न यांचे होते. हे दोघे केंटकीतल्या गुलामगिरीतून १८३१ मध्ये पळाले, डेट्रॉइटमध्ये पकडले गेले, आणि १८३३ मध्ये तेथल्या कृष्णवर्णीयांनी उठाव करून त्यांना सोडवले. अमेरिकेने त्यांना परत मागितले, पण अप्पर कॅनडाच्या (म्हणजे आजच्या ऑन्टारिओच्या) सरकारने नकार दिला.

१८३४ मध्ये ते टोरोंटोत आले. थॉर्नटन यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी माँट्रियलमधल्या बग्गीच्या नमुन्यावरून लाल-पिवळी चार आसनी घोडागाडी बनवून घेतली, तिचे नाव ‘द सिटी’ ठेवले, आणि १८३७ च्या सुमारास या प्रांतातला पहिला भाड्याचा टांगा सुरू केला. पुढे त्यांनी पळून आलेल्या इतरांना निवारा मिळवून देण्यासाठी मदत केली. दोघे नेक्रॉपोलिस दफनभूमीत विसावले आहेत. मी आठ वर्षे या शहरात टॅक्सी चालवली आणि या व्यवसायाच्या मूळ पुरुषाचे नाव मला नोकरी सोडल्यानंतर कळले, याची खंत वाटते.

सांजवात

टांगेवाला, तुमच्या प्रतिसादाने दिवस सार्थकी लागला.

मी गवंडी यांच्या मुद्द्याला पुष्टी देते, आणि ती नाइलाजाने देते. ८ जुलै २०१३ च्या संध्याकाळी विमानतळावर १२० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला होता. डॉन नदीच्या काठी लोकलगाडी पाण्यात अडकली आणि सुमारे १४०० प्रवाशांना रबरी बोटींतून बाहेर काढावे लागले. तेव्हा आम्ही ख्रिस्टी पिट्सच्या दक्षिणेला राहत होतो. तळघरातल्या जमिनीवरच्या जाळीतून आधी गुडगुड असा आवाज आला, मग काळे पाणी वर येऊ लागले. पाऊस छतातून येतो हे मला माहीत होते, जमिनीतून येतो हे त्या दिवशी कळले. तेथल्या खोक्यांत सासूबाईंनी आणलेले एकोणीस वर्षांचे दिवाळी अंक होते. विमा कंपनीने ‘गटार उलटणे’ हा प्रकार आमच्या पॉलिसीत बसत नसल्याचे अत्यंत नम्रपणे कळवले.

पिंपळपान यांना माझा सल्ला असा, की गोटीची चिंता सोडून पाणी उलट येऊ न देणारी झडप आधी बसवून घ्यावी. नगरपालिका तिच्यासाठी अनुदान देते.

जुनी_पेठ

सांजवातताई, दिवाळी अंकांबद्दल मनापासून वाईट वाटले.

डॉन नदीचा उल्लेख आला म्हणून एक ताजी गोष्ट सांगतो. १८८० च्या दशकात डॉनचा खालचा भाग सरळ करण्यात आला, आणि पुढे तिच्या मुखाजवळची मोठी पाणथळ जमीन उद्योगांसाठी भरून टाकली. नदीला काटकोनात वळून सरोवरात जावे लागे आणि पूर आला की ती शहरात घुसे. आता तिच्यासाठी एक किलोमीटरहून लांब, वळणदार असे नवे मुख खोदले आहे. त्या खोदाईत, शंभर वर्षांहून जुन्या भरावाखालची माती उघडी पडल्यावर तिच्यातून लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पती उगवल्या. बी शतकभर अंधारात होते. थोडे ऊन आणि ओल मिळताच ते रुजले. गवंडी, याला तुमचे काय उत्तर आहे?

गवंडी

उत्तर नाही. मी ते रोप पाहायला दोनदा जाऊन आलो आहे.

पिंपळपान

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले. स्पॅडायना रोडवर शहराचे अभिलेखागार आहे. तेथे आणि ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर चार्ल्स गोड यांनी आगविमा कंपन्यांसाठी केलेले नकाशे पाहता येतात. त्यांत विटांची घरे एका रंगात, लाकडी दुसऱ्या रंगात, असे प्रत्येक बांधकाम दाखवलेले असते, कारण विमेकऱ्यांना काय पेटेल याची काळजी होती. १८८४ च्या नकाशात आमच्या गल्लीच्या जागी घरे नाहीत, ओढ्याची नागमोडी रेघ आहे. नंतरच्या नकाशात रेघ गेली आणि आमचे घर आले. मी दोन्ही छापून एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. ओढा आमच्या घराखालून जात नाही, तो मागच्या अंगणाच्या कोपऱ्यावरून, आजींच्या टोमॅटोच्या वाफ्याखालून जातो. गवंडी यांचे निदान बरोबर निघाले : आमचा पुढचा भाग काठावर आहे, आणि फ्रिज भरावावर.

आजींना नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि ‘म्हणूनच मला पाणी घालावे लागत नाही’ एवढेच म्हणाल्या. झडप पुढच्या महिन्यात बसते आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ट्रिनिटी बेलवुड्सहून फोर्ट यॉर्कपर्यंत ओढ्याच्या वाटेने चालत जाण्याचा विचार आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावे. क्रॉफर्ड स्ट्रीटच्या पुलावर भेटू.

अवखळ

पूल ओळखायचा कसा?

मृगजळ

शोधत बसू नका. दहा वाजता आपण सगळे त्याच्यावरच उभे असू.